गेटवरचा पत्रा

शिमगा उरकला आणि ऋतुराजला पाच टेम्पोंची घाई लागली. कोलशेतला एका कंपनीचं नवं गोदाम उघडलं होतं. तिथला माल ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत पोचवायचं काम त्याला मिळालं होतं आणि काम देणाऱ्याने साफ सांगितलं होतं, अक्षय्य तृतीयेपर्यंत गाड्या उभ्या करा, नाहीतर रांगेत दुसरे पुष्कळ आहेत. नव्या कोऱ्या गाड्या म्हणजे नोंदवा आणि तोंड बघत बसा. म्हणून जुन्या घ्यायच्या ठरल्या. आणि जुन्या गाड्या म्हटलं की मानपाड्यात एकच नाव निघायचं, गुणाजी.

गुणाजी गाडीला हात लावायचा. म्हणजे गाडी चालू करायला सांगायचा, रेस द्यायला लावायचा, एखाद्या खाचखळग्यावरून पुढेमागे करायला लावायचा आणि शेवटी पुढे येऊन बॉनेटवर उजवा पंजा टेकवायचा. पंजा टेकला की गाडी घेतली. पसंत नसली तर एक शब्द न बोलता वळायचा आणि चहा मागायचा. ऋतुराजच्या बापाने, सीतारामशेठने, एका टेम्पोचे तेवीस केले ते या पंज्याच्या जिवावर. सीतारामशेठ म्हणायचा, गुणाजीचा हात पडला की मी कागद बघत नाही. त्यानेच यार्डाच्या गेटला लागून असलेली खोली गुणाजीला दिली होती. गुणाजीचा हात चालतोय तोवर खोली त्याची, असा नुसता तोंडाचा करार. सीतारामशेठ गेला, पण करार ऋतुराजच्या बरोबर लक्षात होता. दुसऱ्याची गरज लक्षात ठेवण्यात तो बापाच्या चार पावलं पुढे होता.

आता खरी गोष्ट अशी की गुणाजीला तीन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं इंजिन मांडीशी घेऊन ट्रक चालवले, त्याने कान खाल्ले. आधी डावा गेला, मग उजवा. मोठ्याने बोललेलं कळायचं, तोंडाकडे बघून कळायचं, पण इंजिनातली बारीक टिकटिक, बेअरिंगची घरघर, हे सगळं गेलं होतं. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला. पोटच्या पोराला, सूरजलाही सांगितलं नव्हतं. सूरज ऋतुराजकडेच टेम्पो चालवायचा आणि बापाला जरा कमी ऐकू येतं, वय झालं, एवढंच समजून होता. कान गेला हे कळलं की हात गेला, आणि हात गेला की खोली गेली. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ झाकून धरली होती विमलाबाईने. तिने जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण अठ्ठावीस वर्षं ती त्या गेटच्या खोलीत राहिली होती, आणि गेटच्या तोंडाशी आडवं गटार होतं आणि गटारावर जाड लोखंडी पत्रा. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक गाडी त्या पत्र्यावरून जायची. पुढची चाकं, मग मागची. भाकरी थापता थापता, कपडे धुता धुता, तापात पडल्या पडल्या विमलाबाईच्या कानावरून त्या गाड्या गेल्या. कुठली भरलेली, कुठली रिकामी, कुणाचं मागचं चाक बसलंय, कोण क्लच उशिरा सोडतो, हे तिला न बघता कळायचं. ती ते कुणाला सांगायची नाही, कारण विचारतो कोण? गुणाजीचा कान गेला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

दोघांनी खूण ठरवली होती. साखरेच्या आजारामुळे म्हाताऱ्याला एकटं जाऊ देऊ नका असं डॉक्टरनी सांगितलंय, हे लोकांना सांगायचं निमित्त, म्हणून गोळ्या आणि डबा घेऊन बाई सोबत. ती जरा लांब उभी राहायची. गाडी ठीक असली तर चप्पल पायात. खोट असली तर चप्पल काढून बाजूला. बाईमाणसाच्या पायाकडे कोण बघतो? गुणाजी तेवढा जाता जाता नजर टाकायचा, आणि मग पंजा तरी टेकवायचा किंवा चहा तरी मागायचा. तीन वर्षांत एक गाडी चुकली नव्हती. लोक म्हणायचे, म्हातारा दिवसेंदिवस पिकतोय. गुणाजी मिशीत हसायचा. विमलाबाईला त्याचं वाईट वाटायचं नाही. नवऱ्याचं नाव राहिलं म्हणजे आपलंच राहिलं असं तिला खरोखर वाटायचं, आणि त्यात तिची चूक नाही, तिला तसंच वाढवलं होतं.

टिटवाळ्याच्या पुढे, रस्त्याला लागून नयन नावाच्या माणसाचं मोकळं मैदान होतं. इकडून तिकडून उचललेल्या, विकायला काढलेल्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असायच्या. चैत्राचं ऊन. मैदानात झाड औषधाला नाही. खडी आणि काळी राख पसरलेली, तिच्यावरून वाफा निघत होत्या. ऋतुराज त्याच्या पांढऱ्या गाडीत काचा वर करून बसला होता आणि तिथूनच हाताने खुणा करत होता. सूरज आणि ज्यूड हे दोघे ड्रायव्हर आळीपाळीने टेम्पो काढून मैदानातल्या पाण्याच्या मोरीवरून पुढेमागे करत होते. ज्यूड कोलशेतकडचा, खाडीकाठच्या ख्रिश्चन वस्तीतला. चाळिशीच्या आतला, बडबड्या, दर गाडीतून उतरताना काहीतरी विनोद करणारा.

पहिले दोन टेम्पो विमलाबाईने चप्पल काढून सोडायला लावले. मग चार चांगले निघाले. गुणाजीचा पंजा चार वेळा पडला. पहिला पडला तो सगळ्यांत चांगला होता, आणि तो सूरजला द्यायचा असं ऋतुराजने काचेतूनच सांगितलं. विमलाबाईला बरं वाटलं. इतकं बरं की तिने मनातल्या मनात टिटवाळ्याच्या गणपतीला हात जोडले.

पाचव्यासाठी काढलेला टेम्पो निळा होता, ताजा रंग मारलेला, आतल्या सीटांवर प्लॅस्टिक तसंच. ज्यूडने तो मोरीवरून नेला. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि मग एका श्वासाच्या अंतराने कुठेतरी गाडीच्या पोटात लोखंड कुरकुरलं. इंजिन नव्हे, चाक नव्हे. विमलाबाईने हा आवाज आधी एकदाच ऐकला होता, सीतारामशेठच्या वेळी. अपघातात वाकलेली एक गाडी अर्ध्यातून कापून, दुसरीचा तुकडा जोडून कुणीतरी विकायला आणली होती. कापलेली चासी, म्हणजे गाडीचा कणाच तोडून जोडलेला. रंगाखाली जोड दिसत नाही, पण जोड गप्प राहत नाही. वजन पडलं की बोलतोच.

तिने चप्पल काढून बाजूला ठेवली.

आणि नेमका त्याच वेळी नयन, मघापासून बारीक नजरेने बघत असलेला, मोठ्याने म्हणाला, "काका, गाडी तुम्ही बघताय की काकू? दर वेळी आधी तिकडे बघता आणि मग हात लावता."

माणसं हसली. नयनची दोन पोरं हसली, ज्यूड हसला, काच खाली करून ऋतुराजही हसला. लांबून गुणाजीला शब्द कळले नाहीत, पण बहिऱ्याला हसू बरोबर दिसतं. त्याने नयनची हनुवटी बायकोच्या दिशेने वळलेली बघितली आणि त्याचा चेहरा वीट भाजावी तसा झाला. मग त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. टेम्पोभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितल्यासारखं केलं, टायरला एक लाथ घातली. विमलाबाई अनवाणी उभी होती. राख तव्यासारखी तापलेली. ती एक पाय उचलायची आणि टेकवायची, दुसरा उचलायची आणि टेकवायची. खोकून बघितलं, पण खोकला कुणाला ऐकू येणार? एकदा हाक मारावी असं तोंडापर्यंत आलं. पण हाक मारली की सगळंच उघडं पडलं. गुणाजी पुढे आला, सगळ्यांकडे बघून घेतलं आणि निळ्या बॉनेटवर पंजा टेकवला, नेहमीपेक्षा जोरात.

घरी येऊन तिने तळवे परातीत पाण्यात ठेवले. दोन्ही टाचांवर फोड आले होते. गुणाजी समोर बसून ते बघत होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की ती गाडी कापलेली आहे, अजून सौदा व्हायचाय, काहीतरी निमित्त काढा. गुणाजी म्हणाला, "हात पडला आता." ती परत बोलायला लागली तर उठून बाहेर जाऊन बसला. आजवर पडलेला हात उचलला नव्हता, आणि चार लोक हसल्याच्या दिवशी तर मुळीच उचलणार नव्हता. पुरुषाची इज्जत फार महाग असते, आणि तिची किंमत बहुतेक दुसरंच कुणीतरी देतं.

निळा टेम्पो ज्यूडला मिळाला.

विमलाबाईने काय करायला हवं होतं ते सांगणं सोपं आहे. ऋतुराजच्या ऑफिसात जायचं आणि बोलायचं, एवढंच. ती दोनदा निघालीही. एकदा ऑफिसच्या पायरीपर्यंत गेली आणि, काय काकू, असं कुणीतरी विचारल्यावर पाण्याच्या टाकीची तक्रार करून परत आली. बोलली असती तर नवरा उघडा पडला असता, खोली गेली असती, आणि सूरजचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं, सून आणायची कुठे? मग ती स्वतःची समजूत घालायची. सगळ्याच कापलेल्या गाड्या काही मोडत नाहीत. जोड पक्का असेल. रोज सकाळी सहाच्या सुमारास ज्यूड गेटबाहेर पडायचा आणि ती हातातलं काम थांबवून ऐकायची. पुढची चाकं, मागची चाकं, आणि मग ते कुरकुरणं. पहिल्या आठवड्यात बारीक होतं. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी टेम्पो परत येतानाही यायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात तिची भूक गेली.

एकदा तिने ज्यूडला गेटवर थांबवून, माल जरा कमी भरत जा, असं सांगितलं. ज्यूड हसला. म्हणाला, "काकू, माल काय मी भरतो? ते भरतात, मी फक्त पाय ठेवतो." आणि तिच्या हातावर घरून आणलेला गोड पावाचा तुकडा ठेवून गेला.

अक्षय्य तृतीयेला गोदामाचं काम सुरू झालं, त्याला तीन आठवडे होत आले असतील. कोलशेतच्या गोदामातून बाहेर पडताना रस्ता उतरत वळतो, तिथे भरलेला निळा टेम्पो पाठीत मोडला. मागचा भाग एकीकडे आणि केबिन दुसरीकडे गेली. केबिन भिंतीवर आपटली आणि ज्यूडचा उजवा पाय आत चेमटला. पत्रा कापून त्याला बाहेर काढायला तासभर लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला.

ज्यूडची बायको शेरॉन तीन दिवस हॉस्पिटलात बसून मग ऋतुराजकडे आली. ऋतुराजने तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि सांगितलं की मला फार वाईट वाटतंय, पण मी गाडी बघितलेलीही नाही. आमच्याकडे गाडी गुणाजीकाका पास करतात, अख्ख्या मानपाड्याला माहीत आहे. तुम्ही त्यांनाच विचारा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी मेली की बोट दाखवायला कुणीतरी लागतंच.

शेरॉन खोलीच्या दाराशी आली तेव्हा गुणाजी जेवत होता. बाई सडपातळ, डोळे सुजलेले, हातात अजून हॉस्पिटलची पिशवी. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काका, तुम्ही हात लावला त्या गाडीला. काय बघून लावला?" गुणाजी खाली मान घालून भात कालवत राहिला. ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, ते विमलाबाईलाही कळलं नाही. शेरॉनने पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू. मग विमलाबाईकडे बघितलं. विमलाबाई पाणी आणायच्या निमित्ताने मोरीत गेली आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी तशीच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा दार रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुराजने यार्डात सगळ्यांना बोलावलं. ड्रायव्हर, क्लीनर, दोघे मेकॅनिक, झाडाखाली उभे. शेरॉनलाही बोलावलं होतं. टिटवाळ्याहून नयन आला होता, मोडलेल्या टेम्पोच्या जागी दुसरा दाखवायला घेऊन. ऋतुराजने गुणाजीला मधे उभं केलं आणि खच्चून ओरडून विचारलं, म्हणजे तोपर्यंत त्याच्या काहीतरी ध्यानात आलं होतं. "काका, चासी कापलेली होती. तुम्हाला कळलं नाही? की पैसे खाल्ले?"

पैसे खाल्ल्याचं गुणाजीला बरोबर कळलं. तीस वर्षांत त्याच्यावर तो डाग नव्हता. त्याने सगळ्यांकडे बघितलं, शेरॉनकडे बघितलं आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत, बायकोकडे बोट केलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. गाड्या ही ऐकते. त्या गाडीला हिनेच हो म्हटलं."

विमलाबाई ऐकत होती. तिला वाटलं तो पुढे काही बोलेल. तो बोलला नाही. बोट तसंच राहिलं आणि मग हळूहळू खाली गेलं. त्याचं खोटं बोलणं तिला तितकं लागलं नाही. लागलं ते हे, की खोटं बोलताना त्याने तिच्या पायांकडे बघितलं.

कुणीतरी हसलं. मेकॅनिक म्हणाला, काकू आणि गाडी? ऋतुराजला मात्र एकदम रस वाटायला लागला. त्याने ऑफिसातून प्लॅस्टिकची खुर्ची आणवली, गेटच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि विमलाबाईला बसायला सांगितलं. पत्र्यावरून गाड्या जातील, बघायचं नाही, ऐकून सांगायचं. म्हणाला, "काकू, ओळखल्यात तर खोली तुमची. नाही ओळखल्यात तर आज संध्याकाळी दोघांनी सामान बांधा. टेम्पो माझा देतो, भाडं नको." यावर माणसं पुन्हा हसली. सूरज पुढे येऊन काहीतरी बोलायला लागला तर ऋतुराजने त्याला गाडीत बसायला सांगितलं. सूरज गेला आणि गाडीत बसला.

विमलाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. हाताच्या अंतरावर तिच्याच खोलीची भिंत, तिनेच दिवाळीला चुना मारलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली होती तिची. ओळखलं नाही तर नवऱ्याचा शब्द राहिला, ज्यूडचा पाय आपल्या नावावर लागला आणि खोली गेली. ओळखलं तर खोली राहिली, पण मग जिला एवढं कळतं तिने त्या गाडीला हो म्हटलंच कसं? नवरा चारचौघांत खोटा ठरला. बायको म्हणून चुकावं की गाडी ऐकणारी म्हणून बरोबर यावं, याचा विचार करायलाही तिला कुणी वेळ दिला नाही. मागे इंजिन सुरू झालं.

पुढची चाकं, मागची चाकं. "सूरज," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. पोटच्या पोराला चुकीचं नाव द्यायला जीभ वळली नाही.

दुसरी आली. पाण्याचा टँकर, अर्धा भरलेला, असं तिने सांगितलं. तिसरी आली. "गाडी सूरजचीच. चालवतोय दुसरा. हा क्लच उशिरा सोडतो." आता कुणी हसत नव्हतं. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता आलं नाही. अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते असं, भिंतीकडे तोंड करून बसवून. पण विचारलं तर होतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या गाडीला तिला बरंच वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज तिला नंतर बाळगावी लागली.

चौथी आली. पुढची चाकं गेली. मागची गेली. एक श्वास गेला.

"ही घेऊ नका," विमलाबाई म्हणाली. "ही कापलेली आहे. ज्यूडच्या गाडीसारखी."

नयन बोलायला लागला, कागद दाखवायला लागला. मेकॅनिक बॅटरी घेऊन गाडीखाली गेला, पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला आणि खालूनच म्हणाला, जोड आहे, शेठ. नयनचा आवाज बसला. ऋतुराज खुर्चीजवळ आला आणि तिच्या मागे उभा राहून त्याने ठरलेला प्रश्न विचारला, की मग ज्यूडच्या गाडीला हो कसं म्हटलं?

"नाही म्हटलं होतं," ती भिंतीला म्हणाली. "चप्पल काढून उभी होते. ह्यांनी बघितलं नाही."

गुणाजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता, कुणीतरी आपल्याला सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. आणि मग शेरॉन चालत खुर्चीपर्यंत आली. विमलाबाईला वाटलं, आता ही आपल्या पाठीवर हात ठेवील. खरं बोललेल्या माणसाला तेवढं तरी मिळतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," शेरॉन म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी तो तुझ्या दारावरून जायचा."

विमलाबाईने मान वळवली नाही. शेरॉन थुंकली, खाली जमिनीवर, आणि गेटमधून निघून गेली. ऋतुराजने तिला थांबवलं नाही. त्याचं काम झालं होतं. दोष द्यायला आता एक सोडून दोन माणसं मिळाली होती आणि त्यातलं एकही तो नव्हता.

त्याने नयनच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाजूला नेलं. विमलाबाईला ऐकू येत होतं. तिला वाटलं होतं तो नयनला हाकलून देईल. पण ऋतुराज म्हणत होता की कापलेली आहे म्हटल्यावर हिचा भाव निम्मा, आता दुसरं कुणी घेणार नाही, तुला भंगारात घालावी लागेल. नयन कुरकुरला, शपथा घेतल्या आणि अखेर कबूल झाला. गाडी घेतली. गोदामवाल्याला पाच गाड्या हव्या होत्या आणि पाच झाल्या. जोडावर एक पट्टी वेल्ड करून घ्या, एवढं त्याने मेकॅनिकला सांगितलं.

विमलाबाई खुर्चीवरून उठली. इतकी वर्षं ती ऋतुराजशी डोक्यावर पदर घेऊन बोलली होती. आज पदराचं भान राहिलं नाही. ती म्हणाली की पट्टीने काही होत नाही, मोडणार ती मोडणारच. चालवणार कोण?

ऋतुराजने तिच्याकडे अगदी मायेने बघितलं. तेच जास्त भयंकर होतं. "काकू, तुमच्यासारखा कान घरात असताना मी कशाला घाबरू? सूरज चालवेल. रोज सकाळी तुमच्या दारावरूनच जायचंय. आवाज वाढला की सांगा, गाडी थांबवू. दुसऱ्या कुणाची गाडी तुम्ही एवढी मनापासून ऐकणार आहात का?" आणि सूरजची चांगली गाडी त्याने तिथल्या तिथे क्लच उशिरा सोडणाऱ्याला दिली.

लग्न, खोली, नोकरी, सगळं सूरजच्या तोंडावर दिसत होतं. गुणाजी त्याच्याजवळ गेला आणि बाहीला धरून विचारलं, काय ठरलं? सूरजने बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "खोली राहिली." गुणाजीने डोळे मिटले. "बरं झालं," तो म्हणाला.

त्या दिवशी जेवताना त्याने दोनदा भात मागितला. विमलाबाईने वाढला. त्याला ती काही बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही, ती भिंतीला काय म्हणाली ते. आपल्याला ऐकू येत नाही ह्याचा त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही उपयोग झाला होता.

सकाळी सहाला सूरजने टेम्पो काढला. जोडावर पट्टी बसली होती, वरून काळा रंग. कोलशेतला परत न्यायचा काल संध्याकाळचा उरलेला माल मागे भरलेला. विमलाबाई दारात उभी राहिली. तिने डबा दिला, पाण्याची बाटली दिली. सूरज केबिनमध्ये चढला आणि टेम्पो हळू पुढे घेतला. पुढची चाकं पत्र्यावरून गेली. मागची गेली. आणि मग आवाज आला, पट्टीमुळे जरा दबलेला, पण तोच.

सूरजने गाडी थांबवली आणि खिडकीतून मान बाहेर काढून आईकडे बघितलं. मागे टँकर आणि आणखी दोन टेम्पो उभे होते, हॉर्न द्यायला लागले होते. ऑफिसच्या पायरीवर ऋतुराज चहाचा ग्लास घेऊन उभा होता आणि तोही तिच्याकडेच बघत होता. आवाज काल होता तेवढाच होता. उद्या किती असेल ते तिला माहीत नव्हतं. विमलाबाईने हाताने जा अशी खूण केली, आणि सूरजने गियर टाकला.